खाजगी टांकसाळीची चांदी : अस्सल आणि नक्कल



आजच्या विषयाचे नाव ऐकून चिटणिसांनी मला विचारले होते, "गुरुजी, लोक अस्सल नाणी जमवतात हे समजू शकते. पण नकला कोण जमवतो, आणि कशासाठी?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर चार वाक्यांत देता येईना, म्हणून व्याख्यानच द्यावे असे ठरले. तेव्हा आज तुमचा तासभर खर्ची पडणार त्याचा दोष निम्मा चिटणिसांचा आहे.

माझ्या हातात ही जी अष्टकोनी चकती आहे, ती मागल्या रांगेपर्यंत दिसणार नाही. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पुढे यावे. डेन्व्हर शहरी राहणाऱ्या माझ्या भाच्याने ती मला भेट म्हणून पाठवली. वजन एक औंस, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेतीन तोळ्यांना थोडे कमी. आमच्या गावच्या सराफांनी ती फरशीवर वाजवली, काठाला कसोटीचा दगड लावला आणि म्हणाले, "चांदी चोख आहे, पण हे नाणे नव्हे." दोन्ही विधाने खरी होती. गंमत अशी, की सव्वाशे वर्षांपूर्वी जे मूळ नाणे पाहून ही नक्कल घडवली, त्या मूळ नाण्याविषयीही अमेरिकन सरकारचे म्हणणे नेमके हेच होते : चांदी चोख आहे, पण हे नाणे नव्हे!

ही गोष्ट नीट समजायची तर आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाणे पाडणे हे सरकारचेच काम, दुसऱ्या कोणी ते केले तर तो चोर, असे आपण धरून चालतो. इतिहासात हे नेहमी असे नव्हते. ज्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू झाली, त्यांनीच पेशव्यांच्या रोजनिशीतील नोंदींच्या आधारे मराठी राज्यातील चलन आणि टांकसाळी यांवर एक निबंध लिहिला आहे. त्यातून दिसते, की पेशवाईत टांकसाळ चालवणारा पुष्कळदा एखादा सोनार किंवा सराफ असे. ठराविक रक्कम सरकारात भरायची, ठराविक मुदतीचा परवाना घ्यायचा, ठरवून दिलेल्या वजनाचे आणि कसाचे नाणे पाडायचे, आणि हिणकस माल काढला तर दंड सोसायचा, असा तो व्यवहार होता. त्यामुळे नाण्यांचे प्रकार भरमसाट झाले. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, हाली सिक्का, प्रत्येकाचा भाव वेगळा आणि प्रत्येकावरचा बट्टा वेगळा. थोरल्या माधवरावांच्या काळात धारवाड प्रांतातल्या कित्येक खाजगी टांकसाळी बंद करून एक मध्यवर्ती टांकसाळ उभारावी लागली, ती या गोंधळामुळेच.

अमेरिकेतही सुरुवात याच मार्गाने झाली. इंग्रजांची वसाहत असताना मॅसॅच्युसेट्सच्या लोकसभेने १६५२ साली जॉन हल नावाच्या रुपेकाराला बॉस्टनमध्ये टांकसाळ काढून दिली. लोकांनी चांदी आणावी, त्याने नाणी पाडून द्यावीत आणि त्यातला ठरीव हिस्सा मेहनताना म्हणून ठेवावा. पाईन वृक्षाची छाप असलेले त्याचे शिलिंग आज जगभर प्रसिद्ध आहे. टांकसाळ तीस वर्षे चालली, पण बहुतेक सर्व नाण्यांवर साल मात्र १६५२ च राहिले.

दुसरे उदाहरण तर निव्वळ खाजगी आहे. मेरीलँड प्रांतातील अ‍ॅनापोलिस गावी जॉन चामर्स नावाचा एक सोनार होता. त्या काळी तिथे स्पॅनिश डॉलर चाले, आणि सुटे पैसे नसल्यामुळे लोक त्या डॉलरचेच छिन्नीने तुकडे करीत. चार तुकडे म्हणजे चार पावल्या. यात लबाडी कुठे शिरते ते तुमच्या लक्षात आलेच असेल. हुशार माणसे एका डॉलरचे चारऐवजी पाच तुकडे करीत आणि पाचही पावली म्हणून खपवीत. बाजारात रोज तंटे होत. तेव्हा चामर्सने १७८३ साली हे तुकडे घेऊन त्यांच्या बदल्यात नीट वजनाची शिलिंग, सहा पेनी आणि तीन पेनीची नाणी द्यायला सुरुवात केली. त्याच्या शिलिंगावर एका बाजूला हातात हात गुंफलेले आहेत. दुसऱ्या बाजूला दोन पक्षी एका किड्यासाठी ओढाताण करीत आहेत आणि कुंपणापलीकडे एक साप टपून बसला आहे. नव्या राष्ट्रातील राज्ये आपसांत भांडत राहिली तर तिसराच डाव साधील, असा त्या चित्राचा अर्थ पुढच्या लोकांनी लावला. अर्थ काहीही असो, त्या सोनाराने गावाची एक अडचण दूर केली, आणि लोकांनी त्याचे नाणे घेतले ते त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून.

मंडळी, हा 'विश्वास' शब्द लक्षात ठेवा. आजच्या विषयाची किल्ली त्यात आहे.

पुढे राज्यसंस्था बळकट झाल्या तसा हा दरवाजा बंद होत गेला. अमेरिकेत १८६४ साली कायदा झाला, की चलन म्हणून वापरण्याच्या हेतूने कोणीही खाजगी नाणे पाडू नये, मग त्याची छाप सरकारी नाण्यासारखी असो वा सर्वस्वी स्वतःची असो. आपल्याकडेही १८८९ सालच्या 'मेटल टोकन्स अ‍ॅक्ट'ने खाजगी धातूच्या तुकड्यांना पैसा म्हणून चालवण्याची बंदी झाली. २०११ च्या नाणेविषयक कायद्याने तो जुना कायदा रद्द केला, पण बंदी आपल्या पोटात सामावून घेतली.

आता आपण माझ्या हातातल्या चकतीकडे येऊ. तिची हकिकत डेन्व्हरला सुरू होत नाही. ती एका अर्थी मुंबईला सुरू होते.

१८९३ पर्यंत मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत कोणीही चांदीची लगड घेऊन जावे, थोडी मजुरी द्यावी आणि तिचे रुपये पाडून आणावेत अशी मुभा होती. त्यामुळे रुपयाची किंमत आणि चांदीची किंमत या एकाच दावणीला बांधलेल्या होत्या. पण १८७३ नंतर युरोपातील राष्ट्रांनी एकामागून एक चांदी सोडून सोन्याचे चलन धरले. चांदी स्वस्त होत गेली आणि तिच्याबरोबर रुपया घसरत गेला. १८७० च्या सुमारास जो रुपया जवळजवळ दोन शिलिंगांना जाई, तो १८९२ मध्ये सव्वा शिलिंगाच्या घरात आला. विलायतेला पौंडांत पैसे पाठवावे लागणाऱ्या सरकारच्या तिजोरीला हे झेपेना. हर्शेल समितीने शिफारस केली आणि २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थानच्या टांकसाळी चांदीसाठी बंद झाल्या.

या एका दिवसाचे दोन परिणाम पाहा. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरातील पाटल्या, वाळे, तोडे ही त्याची पेढी होती. दुष्काळ पडला की तोडे मोडायचे आणि त्याचे तोळ्याला तोळा रुपये घ्यायचे. टांकसाळ बंद झाली आणि रुपया चांदीहून महाग झाला. तोड्याचे वजन तेवढेच राहिले, पण त्याचे पूर्वीइतके रुपये येईनात. कोणी घरात शिरले नाही, कुलूप फोडले नाही, आणि तरी गरिबाच्या संचिताला बट्टा लागला. डॉ. आंबेडकरांच्या १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात या टांकसाळबंदीची सविस्तर चिकित्सा आहे. जिज्ञासूंनी ती मुळातून वाचावी.

दुसरा परिणाम सातासमुद्रापार झाला. हिंदुस्थान हे जगातील चांदीचे मोठे गिऱ्हाईक. त्याने दुकानाचे दार लावून घेतल्याची तार पोचताच चांदीचा बाजार कोसळला. औंसाला ऐंशी सेंटांच्या वर असलेला भाव आठवडाभराच्या आत पासष्टाच्या खाली गेला. कोलोरॅडो हा अमेरिकेतील चांदीच्या खाणींचा प्रांत. तिथल्या खाणी आणि भट्ट्या बंद पडल्या. हजारो मजूर डोंगर उतरून डेन्व्हरच्या रस्त्यावर आले. जुलै महिन्यात तीन दिवसांत त्या शहरातील बारा बँकांनी दारे लावली. भरीस भर म्हणून, सरकारने दरमहा पंचेचाळीस लक्ष औंस चांदी विकत घ्यावी असा जो १८९० चा कायदा होता, तोही त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द झाला. मुंबईच्या टांकसाळीचे दार लागले आणि रॉकी पर्वतातल्या खाणवाल्याची चूल विझली. जग जवळ आले आहे असे आपण आज म्हणतो, पण ते तेव्हाच जवळ आले होते.

त्या खाणवाल्यांत जोसेफ लेशर नावाचा एक गृहस्थ होता. जन्म ओहायो प्रांतातला, १८३८ चा. यादवी युद्धात त्याने शिपाईगिरी केली आणि मग नशीब काढायला कोलोरॅडोच्या चांदीत उतरला. पुढे तो व्हिक्टर गावी येऊन राहिला. हे गाव सोन्याच्या खाणींचे, समुद्रसपाटीपासून नऊ हजार सातशे फुटांवर वसलेले. १८९९ च्या ऑगस्टमध्ये तिथे भीषण आग लागून बहुतेक बाजार राख झाला आणि वर्षभरात पुन्हा विटांनी उभा राहिला. सोन्याच्या गावात हा चांदीचा भक्त! शेजाऱ्यांना त्याचे थोडे हसूही येत असेल.

त्याच्या डोक्यातला हिशेब मात्र पक्का होता. जुन्या कायद्याप्रमाणे ३७१¼ ग्रेन शुद्ध चांदी म्हणजे एक डॉलर. औंसात ग्रेन ४८०. म्हणजे एक औंस चांदीची कायदेशीर किंमत सुमारे १ डॉलर २९ सेंट. बाजारात तिला १९०० साली मिळत होते साठपासष्ट सेंट. लेशरचे म्हणणे असे, की चांदी हलकी झालेली नाही, कायद्याने तिला हलकी केली आहे. सरकार ऐकत नसेल तर लोकांना विचारून पाहू. त्याच सुमारास देशात अध्यक्षपदाची निवडणूक होती. चांदीचा कैवारी ब्रायन १८९६ मध्ये हरला होता, आणि १९०० च्या नोव्हेंबरात तो दुसऱ्यांदा हरला. त्याच महिन्यात लेशरने आपले पहिले शंभर तुकडे पाडले.

सरकारी डॉलरशी गल्लत होऊ नये म्हणून त्याने आकार घेतला अष्टकोनी. ठसे डेन्व्हरच्या एका कारागिराकडून खोदून घेतले. मजकूर घातला तो असा : ही एक जिन्नस आहे, हिच्या बदल्यात दर्शनी किमतीचे चलन अथवा माल मिळेल, हीत नाण्याच्या प्रतीची एक औंस चांदी आहे, किंमत सव्वा डॉलर. नाव ठेवले 'रेफरेंडम', म्हणजे सार्वमत. प्रत्येक तुकड्यावर अनुक्रमांक टाकला. घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. सक्ती नाही, फसवणूक नाही, धातू किती तो वर लिहिलेला. व्हिक्टरमधील बमस्टेड नावाच्या किराणा दुकानदाराने हे तुकडे मालाच्या बदल्यात घेण्याचे कबूल केले, आणि त्याचे नाव नाण्यावर आले.

सरकारी अंमलदारांचे लक्ष जाणे अटळ होते. १८६४ चा कायदा उभाच होता. लेशरने मग रचना बदलली. १९०१ च्या तुकड्यांवर 'चांदीचे स्मरणार्थ पदक' असे शब्द आले, वजन घटवले गेले आणि किंमत एक डॉलर झाली. क्रिपल क्रीकचा एक व्यापारी, डेन्व्हरचा एक जवाहिऱ्या, पार नेब्रास्का प्रांतातील होल्ड्रेज गावचा एक दुकानदार, अशा अनेकांनी आपापली नावे घालून ही पदके घेतली. जो दुकानदार नाव घालील त्याने ती मालाच्या मोलाने परत घ्यावी अशी ही योजना. म्हणजे आपल्या जुन्या हुंडीसारखेच झाले. हुंडीमागे ज्याची पत, तिचे मोल तेवढे. फरक इतकाच, की हुंडीचा कागद फाडला तर शून्य उरे, आणि इथे निदान निम्म्या किमतीची चांदी तरी हाती राही.

दोन वर्षांच्या आत हा प्रयोग आटोपला. १९१८ साली लेशर वारला. चांदीचा भाव काही त्याच्या हयातीत कायद्याने परत आला नाही. त्या अर्थी तो हरला. पण त्याने मांडलेला प्रश्न हरला नाही, की पैसा म्हणजे त्यातला धातू, की त्यावरचा राजाचा शिक्का, की घेणाऱ्याचा भरवसा? १९९८ पासून अमेरिकेत 'लिबर्टी डॉलर' या नावाने पुन्हा काहींनी चांदीचे खाजगी नाणे काढले. २००७ साली सरकारने धाड घालून माल जप्त केला आणि २०११ मध्ये त्याच्या चालकाला न्यायालयाने दोषी ठरवले. कायदा तोच, १८६४ चा.

लेशरची नाणी थोडीच पाडली गेली, आणि त्यांतली कित्येक मुशीत गेली. उरली ती आज संग्रहालयांत आणि श्रीमंत संग्राहकांच्या पेट्यांत आहेत. एकेकाची किंमत हजारो डॉलर. १९६३ साली हिब्लर आणि कॅपन या दोघांनी अशा 'डॉलरसारख्या' तुकड्यांची सूची छापली, तेव्हापासून त्यांची मागणी वाढली. चामर्सच्या शिलिंगाचे आणि पाईन वृक्षाच्या नाण्याचेही तेच. आणि जिथे वस्तू थोडी आणि हौस फार, तिथे नक्कल जन्माला येतेच.

नकलांचा विचार करताना सगळे एकाच पारड्यात टाकू नये. त्यांच्या चार जाती आहेत.

पहिली जात जुन्या अस्सल ठशांनीच पुढे केव्हातरी पाडलेल्या नाण्यांची. दक्षिणेतील बंडखोर राज्यांनी १८६१ साली न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत आपल्या छापेची अर्ध्या डॉलरची फक्त चार नाणी पाडली होती. अठरा वर्षांनी, १८७९ मध्ये, न्यू यॉर्कच्या स्कॉट नावाच्या व्यापाऱ्याने तो ठसा मिळवला. १८६१ सालचे सरकारी अर्धे डॉलर घेऊन त्यांची एक बाजू घासून काढली आणि त्यावर या ठशाने पाचशे नाणी पाडली. ठसा खरा, धातू खरा, प्रसंग मात्र गेलेला. दुसरी जात नवे ठसे खोदून जुन्याबरहुकूम केलेल्या प्रतिकृतींची. माझी ही चकती त्या जातीची. तिसरी जात कल्पित नाण्यांची, म्हणजे जे कधी नव्हतेच ते जुन्या शैलीत घडवायचे, न झालेल्या वर्षाची तारीख घालायची. चौथी जात सरळ फसवणुकीची. न्यू यॉर्कमध्ये १८५६ साली वायट नावाच्या माणसाने मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या चांदीच्या नाण्यांच्या नकला केल्या आणि त्या जमिनीत पुरलेल्या सापडल्या अशी कंडी पिकवली. लवकरच बिंग फुटले. मौज अशी, की त्याच्या त्या खोट्या नाण्यांनाही आज संग्राहक दाम मोजून घेतात, पण आता खोटी म्हणूनच.

म्हणजे वस्तू तीच. तिच्याविषयी आपण काय सांगतो यावर ती नक्कल आहे की लबाडी, हे ठरते. अमेरिकेने १९७३ साली कायदाच केला, की जुन्या नाण्याची प्रतिकृती करणाराने तीवर 'कॉपी' हा शब्द ठळक आणि न पुसणारा कोरलाच पाहिजे. २०१४ मध्ये विकणाऱ्यांनाही या कायद्याच्या कक्षेत आणले गेले. माझ्या चकतीवर तो शब्द कडेजवळ आहे. सराफांनी भिंगाने वाचला तेव्हा ते म्हणाले, "हे बरे केले."

ज्यांना ही हौस करायची आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली वजन. प्रत्येक मूळ नाण्याचे वजन ग्रंथांत दिलेले असते, आणि नक्कल करणारा छाप हुबेहूब करतो पण वजनात पुष्कळदा चुकतो. दुसरी काठ. ओतीव तुकड्याच्या काठावर साच्याची शिवण राहते, ती घासली तरी घासल्याची खूण राहते. शिवाय ओतीव अक्षरे साबण वापरून गुळगुळीत व्हावा तशी दिसतात, अंगावर बारीक खळगे असतात. ठशाने पाडलेले अक्षर कोरीव उभे असते. तिसरी पाण्याची परीक्षा. नाणे दोऱ्याने बांधून पाण्यात तोलावे. औंसभर चांदी पाण्यात सुमारे तीन ग्रॅमने हलकी होते. जर्मन सिल्व्हर म्हणून जो मिश्र धातू येतो तो तेवढ्याच वजनाला सुमारे साडेतीन ग्रॅम घटतो. यासाठी चांगला तराजू असला म्हणजे झाले, प्रयोगशाळा लागत नाही. चौथी गोष्ट नाणे कधी घासून चकचकीत करू नये, अस्सलही नाही आणि नक्कलही नाही. चांदीवर चढलेला काळिमा ही तिची वंशावळ आहे.

आणि पाचवी गोष्ट, सर्वांत महत्त्वाची : टिपणवही. ती का, हे सांगण्यासाठी एक हकिकत सांगतो. त्यात कोणाचे नाव घेत नाही.

माझे एक स्नेही होते. वीस-बावीस वर्षे नाणी जमवीत. पगार बेताचा. त्यामुळे अस्सल परवडे तेव्हा अस्सल, नाही तर नक्कल घेत. जत्रेतून, जुन्या बाजारातून, कधी जाणत्या माणसाकडून. कोणते काय आहे हे त्यांना पक्के ठाऊक असे. एकेक नाणे हातावर घेऊन ते तासभर बोलत. मी त्यांना एकदा म्हटले, "हे सगळे लिहून ठेवा." ते म्हणाले, "मला पाठ आहे की." मीही पुन्हा आग्रह केला नाही. तेवढी चूक माझी.

ते अकस्मात गेले. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी शिशवी पेटी घेऊन माझ्याकडे आल्या. धाकट्या मुलीची फी भरायची होती. पेटीत त्रेचाळीस नाणी होती, चिठ्ठी एकाही नाण्याला नव्हती. मला अकरा नकला नक्की ओळखू आल्या. चार-पाच नाणी अस्सल असावीत असे वाटले, पण छातीठोकपणे सांगता येईना. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला दाखवली, तर त्याने आधी नकलांकडे बोट दाखवले आणि मग सगळ्याच पेटीला नकलेचा भाव सांगितला. "यातली इतकी खोटी, तर बाकीची खरी कशावरून?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी बाईंना घाई होती. मी गावाला गेलो असताना त्यांनी पेटी मोडीत दिली. चांदी वजनावर गेली आणि मुशीत आटली. फी भरली गेली, ते चांगले झाले. पण त्या मुशीत काय काय गेले हे आता कोणालाही कळायचे नाही.

श्रोतेहो, नकलेने खरेदी करणारा फसतो, एवढेच आपण ऐकतो. मला त्या दिवशी कळले की निनावी नक्कल त्याहून वाईट एक गोष्ट करते. ती शेजारच्या अस्सलाची साक्ष पुसून टाकते. खोट्याला खरे ठरवण्याची लबाडी एकदा पकडता येते. पण खऱ्याला खोटे ठरवले गेले, तर त्याच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही. त्यानंतर मी माझ्या प्रत्येक तुकड्याची नोंद केली : केव्हा घेतला, कोणाकडून, काय दिले, वजन किती, अस्सल की नक्कल, आणि मला शंका असेल तर 'शंका' हाच शब्द. वही पेटीतच असते, आणि ती कुठे आहे हे घरात दोघांना ठाऊक आहे.

मग एवढे सगळे असताना नकला जमवाव्यातच कशाला? चिटणिसांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्याची मला तीन कारणे वाटतात. पहिले असे, की लेशरचे अस्सल नाणे मी या जन्मी विकत घेऊ शकत नाही, आणि तुमच्यापैकीही फार थोडे घेऊ शकतील. पुस्तकातले चित्र पाहून त्याचे वजन तळहाताला कळत नाही, चामर्सच्या शिलिंगावरील साप बोटाला लागत नाही. नक्कल ही गरीब विद्यार्थ्याचे संग्रहालय आहे. दुसरे असे, की आपल्याकडे शंभर वर्षांवरील नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तसेच ते इथेच राहिले पाहिजे. पण परदेशात वाढणाऱ्या नातवाला शिवकालीन होन दाखवायचा असेल, तर नाव सांगणारी प्रामाणिक प्रतिकृती खुशाल जाऊ शकते. तिसरे कारण असे, की शाळेत मुलांच्या हाती अस्सल नाणे देता येत नाही, नक्कल देता येते. मी ही चकती आठवीच्या वर्गात फिरवली. एका मुलीने विचारले, "गुरुजी, किंमत सव्वा डॉलर आणि चांदी साठ सेंटांची, मग उरलेले पासष्ट सेंट कशाचे?" चलनशास्त्राचा याहून चांगला प्रश्न मी मोठमोठ्या सभांत ऐकलेला नाही.

त्या मुलीला मी जे उत्तर दिले तेच तुम्हाला देऊन रजा घेतो. उरलेले पासष्ट सेंट भरवशाचे. लेशरचा माल परत घेईन असे जो दुकानदार म्हणाला, त्याच्या शब्दाचे. टांकसाळ राजाची असो, सोनाराची असो वा खाणवाल्याची असो, नाण्यात धातूखेरीज जे काही असते ते एवढेच. आणि आपण संग्राहकांनी आपल्या नकलेवर 'नक्कल' असे स्वच्छ लिहून ठेवले, म्हणजे त्या भरवशाच्या खात्यात आपलाही वाटा जमा होतो.

चकती टेबलावर ठेवतो. हाताळायला हरकत नाही, वाजवून पाहायलाही नाही. फक्त जाताना ती टेबलावरच राहील एवढे पाहावे, कारण तिच्या नावाची नोंद वहीत आहे.